सड्यावरच्या सहा एकरात जेसीबी घालण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीजवळ सड्यावर (जांभ्याच्या उघड्या कातळाच्या पठारावर) वडिलोपार्जित सहा एकर जागा आहे, तिथे दहा-बारा बंगल्यांचे प्लॉट पाडायचेत, एप्रिलमध्ये जेसीबी लावून सपाटीकरण उरकायचंय. जागेत फुरशी (लहान विषारी साप) भरपूर, घोरपडही दिसते. ओळखीचे एक सर्पमित्र म्हणाले की दोन दिवसांत सगळे साप पकडून लांब जंगलात सोडून देतो. हे बरोबर आहे का, आणि रीतसर सर्व्हे करायचा तर तो कसा करतात?

आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. मी गेली सतरा वर्षं कोकणात आणि घाटमाथ्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांचे सर्व्हे करतेय आणि मला येणारे बहुतेक फोन जेसीबी फिरून गेल्यानंतरचे असतात, तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

दोन दिवसांत सगळे साप, हे होऊच शकत नाही. दोन दिवसांत हाताला लागतात ते त्या दोन दिवसांत बाहेर आलेले किंवा वरवरच्या दगडाखाली बसलेले. बाकीचे जांभ्याच्या भेगांत, वारुळात, उंदराच्या बिळात, गडग्याच्या (सुटे दगड रचून केलेल्या कुंपणाच्या) पोटात असतात, आणि एप्रिलच्या उन्हात तर जवळजवळ सगळेच आत असतात. म्हणजे पाच-सात फुरशी आणि एखादी धामण पिशवीत भरून नेतील, तुम्हाला वाटेल जागा मोकळी झाली, आणि मग जेसीबीचा बकेट बसला की उरलेले सगळे आतल्या आत चिरडले जातील, कुणाला दिसणारही नाहीत.

आणि लांब जंगलात सोडणं, हे आपल्याकडे पुण्याचं काम समजतात पण सापासाठी ते फार वाईट असतं. सापाला आपलं रान पाठ असतं, कुठलं बीळ कोरडं राहतं, पाणी कुठे, उंदीर कुठल्या बांधाला. अनोळखी जागी सोडला की तो ते शोधत भटकत राहतो, रस्ते ओलांडतो, वस्तीत शिरतो. कर्नाटकात अगुंब्याला किंग कोब्राला रेडिओ ट्रान्समीटर बसवून हे बघितलंय, लांब नेऊन सोडलेला साप एका भागात स्थिरावण्याऐवजी लांबलांब फिरत राहिला. अमेरिकेत रॅटलस्नेकवर असे बरेच अभ्यास झालेत, तिथेही लांब हलवलेले साप जास्त भटकतात आणि जास्त मरतात असंच दिसलं. शिवाय सड्यावरचं फुरसं नेऊन दाट जंगलात सोडणं म्हणजे उघड्या कातळावरचा प्राणी त्याच्या कामाच्या नसलेल्या जागी टाकून येणं.

कायद्याचंही सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं येतं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी खराब करणं, हलवणं हेही येतं. घोरपड आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. जागा तुमच्या नावावर असली तरी सातबारा वेगळा आणि त्यातले प्राणी वेगळे. त्यामुळे पकडायची वेळ आलीच तर वनखात्याला कळवून, त्यांची परवानगी असलेल्या माणसाकडूनच. तुमचे सर्पमित्र मनापासून मदत करतायत यात शंका नाही, त्यांना हे सगळं नीट सांगा, पुढच्या कामात त्यांचा खूप उपयोग होणार आहे. पर्यावरण मंजुरीबद्दल विचाराल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असलं की ती लागते, तुमचे बंगले त्यात बहुधा येणार नाहीत. म्हणजे सर्व्हे करा असं सांगायला तुमच्याकडे कुणी येणार नाही, तुम्ही केलात तरच होणार.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही हे सगळं साप काढण्याचं काम म्हणून बघताय. मी ते जागा मोडण्याचं काम म्हणून बघते. साप, पाली, सरडे त्या जमिनीत का आहेत, तर दगड, भेगा, गडगा, वारुळं, झुडपं आहेत म्हणून. हे सगळं कुठल्या क्रमाने आणि कुठल्या महिन्यात मोडता त्यावर किती प्राणी वाचतात ते ठरतं. नीट क्रम लावला तर बहुतेक प्राणी आपणहून सरकतात, कुणालाही हात लावावा लागत नाही.

म्हणून सर्व्हेतून मला आकडा नको असतो, मला नकाशा हवा असतो. आकड्यावर विसंबून राहू नये याचं आपल्या जवळचंच उदाहरण आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी खूप कमी झाले होते आणि गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेला तिथला सरडा उलट जास्त सापडत होता. नुसती मोजणी केली असती तर सरड्याचं बरं चाललंय असंच कुणीही म्हटलं असतं, पण त्यांची अंगकाठी खालावलेली होती, आणि धोका जाणवला की पळण्याची सवयही बदलली होती. (या सरड्याच्या जातकुळीचं शास्त्रीय नाव सरडा असंच आहे, आपल्या मराठी शब्दावरून ठेवलेलं, मला त्याचं फार अप्रूप आहे.)

नकाशा असा करायचा. पहिल्या दिवशी गुगल अर्थवरचं जागेचं चित्र मोठं छापून घ्या, जुनी वर्षंही बघा, कुठे पाणी साठतं ते पावसाळ्यातल्या चित्रांत कळतं. ते घेऊन जागेत गुरं चारणाऱ्या माणसाबरोबर फिरा. तो ज्या जागा दाखवेल त्या मला दहा दिवस शोधून मिळत नाहीत. प्रत्येक वारूळ, गडग्याचा प्रत्येक ढासळलेला भाग, मोठ्या भेगा, जुनी चिरेखाण असेल तर तिच्या कडा, करवंदीच्या जाळ्या, सगळ्यावर खुणा करा.

मग चालायचं. ठरलेल्या तीन-चार वाटा, दर वेळी त्याच, आणि किती माणसं किती वेळ चालली, हवा कशी होती हे दर वेळी लिहायचंच, नाहीतर दोन दिवसांची तुलना होत नाही. थंडीत सकाळी ऊन चढायला लागलं की साधारण साडेआठ ते अकरा, तेव्हा प्राणी ऊन खायला बाहेर असतात. बाकी वर्षभर रात्री टॉर्च घेऊन, अंधार पडल्यापासून तीन तास. आणि सड्यावर सगळ्यात महत्त्वाचे दिवस म्हणजे पहिल्या पावसानंतरचे, तेव्हा फुरशी दगडांवर, बुटक्या झुडपांवर चढून बसलेली दिसतात आणि एरवी ज्याचा पत्ता नसतो असं सगळं वर येतं. शक्य असेल तर तीन फेऱ्या करा, थंडीत, पहिल्या पावसात आणि भर पावसाळ्यात. एकच जमणार असेल तर पहिला पाऊस सोडू नका. मे महिन्यात एक दिवस फिरून काही नाही असा रिपोर्ट कुणी दिला तर त्याचा अर्थ एवढाच की मे महिन्यात काही दिसलं नाही.

दगड उलटणं हा सर्व्हेचा अर्धा भाग आहे आणि तो चुकीचा केला तर सर्व्हेच नुकसान करतो. दगडाच्या मागे उभं राहायचं, हुकने पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलता करायचा, म्हणजे उघडं तोंड पलीकडे जातं आणि दगडाचा आपल्या पायांना आडोसा होतो. बोटं कधीही खाली घालायची नाहीत, गमबूट हवेतच. बघून झालं की दगड त्याच खाचेत, जसा होता तसा परत. जांभ्याचा दगड वर्षानुवर्षं एका जागी बसला की त्याच्याखाली बारीक मातीची एक गादी झालेली असते, मेमध्येही ती किंचित ओलसर लागते. दगड तिरका ठेवला की वारा शिरतो, गादी सुकते आणि ती जागा पुढे कित्येक दिवस कुणाच्या कामाची राहत नाही.

एकदा तुमच्याच भागातल्या एका सड्यावर ताटाएवढा दगड उचलला तर खाली जेमतेम दोन पेरांएवढी पाल, तपकिरी अंगावर लांबून गेलेले पांढरे पट्टे, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर हरभऱ्याएवढी दोन पांढरी अंडी. ती पळाली नाही, शेपटी जरा वर करून तशीच थांबली. ही पाल १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून पहिल्यांदा शास्त्रात नोंदली गेली, आणि ती कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर अशाच सुट्या दगडांखाली राहते, म्हणजे जगात फार थोड्या जागी. तुमच्या जागेत ती असायची चांगली शक्यता आहे. फुरसं सगळ्यांना दिसतं म्हणून त्याची चर्चा होते, पण मला तुमच्या जागेत सगळ्यात जास्त काळजी या पालीची वाटते, कारण तिला सुट्या दगडांशिवाय दुसरीकडे जागाच नाही आणि सपाटीकरणात पहिल्यांदा गोळा होतात ते हेच दगड.

ब्रिटनमध्ये सर्व्हेसाठी पत्रे आणि जाड फेल्टचे तुकडे गवतात टाकून ठेवतात, प्राणी उबेला त्याखाली येतात. तीच पद्धत जशीच्या तशी इथे करू नका, आपल्या उन्हात पत्र्याखाली भट्टी होते. मी जुनी गोणपाटं आणि नारळाच्या झावळ्यांचे जाड थर वापरते, सावलीच्या कडेला, आणि आठवड्यातून एकदा सकाळी लवकर उचलून बघते. सापाच्या काती मिळतील त्या जपून ठेवा, खवल्यांवरून जात ओळखता येते. जमिनीत बादल्या पुरून प्राणी पकडायचे सापळे मात्र स्वतः अजिबात लावू नका, त्याला परवानगी लागते, आणि वेळेवर तपासले नाहीत तर आत पडलेल्या प्राण्याला मुंग्या खाऊन टाकतात.

आणि एक, मांडूळ सापडलं तर ती जागा कुणालाही सांगू नका, फोटोही टाकू नका. त्याची चोरटी विक्री चालते, बातमी फुटली की लोक रात्री खणायला येतात.

आता एप्रिल. शक्य असेल तर सपाटीकरण ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर सुरुवात या काळात ढकला. तोपर्यंत बहुतेक अंडी फुटलेली असतात, फुरशाची पिल्लं (ते अंडी घालत नाही, पिल्लंच देतं) पांगलेली असतात, जमिनीत ओल असते आणि प्राणी अजून चपळ असतात म्हणजे सरकू शकतात. अपवाद घोरपडीचा, तिची अंडी महिनोन्महिने जमिनीत, बऱ्याचदा वारुळात असतात. मी एका साईटवर सगळा क्रम नीट लावून दिला होता, फक्त एक वारूळ राखून ठेवायला सांगितलं होतं, त्याच्याभोवती लाल रिबीनही बांधली होती, आणि सुपरवायझर सुट्टीवर असताना नव्या ऑपरेटरने ते सपाट केलं. मी पोचले तेव्हा मातीत पांढरी चामड्यासारखी फाटलेली अंडी पडलेली होती, काहींच्या आत पूर्ण वाढलेली पिल्लं. तेव्हापासून मी रिबीनवर अवलंबून राहत नाही, दगड रचून कुंपण घालते आणि जेसीबी चालवणाऱ्या माणसाला स्वतः नेऊन ती जागा दाखवते.

काम सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट झालेली हवी, ती म्हणजे नवी जागा. सहा एकरातला एक सलग पट्टा राखा, शक्यतो शेजारच्या मोकळ्या सड्याला लागून, गडगा आणि वारुळं त्यात येतील असा. किती मोठा हे प्लॉटच्या आखणीवर आहे, पण एक एकर सलग मिळालं तर प्रत्येक प्लॉटमागे चार-चार फूट सोडण्यापेक्षा कितीतरी बरं. त्या पट्ट्यात पाणी साठणार नाही अशा उंचवट्यावर दगडांचे सैल ढीग करा, खाली वाळकी लाकडं, झावळ्या, वर लहानमोठे दगड, कमरेपेक्षा कमी उंच. पालीसाठी ढीग नकोत, तिच्यासाठी चपटे दगड उघड्या कातळावर एकेरी पसरून ठेवा. हे सगळं एक पावसाळा आधी झालं तर उत्तम.

त्यानंतरचा क्रम साधा आहे. गवत हाताने कापायचं, पहिल्यांदा वीतभर उंच ठेवून, दोन-तीन दिवसांनी तळापासून, आणि रस्त्याच्या बाजूने सुरू करून राखलेल्या पट्ट्याकडे सरकत, म्हणजे प्राण्यांना जायला एकच दिशा उरते. मग सुटे दगड हाताने उचलून पट्ट्यात न्यायचे, सकाळी नऊनंतर, प्राण्यांच्या अंगात ऊब आलेली असते तेव्हा. मग आठ-दहा दिवस जागा तशीच उघडी सोडायची. लपायला काही उरलं नाही की त्या उघड्यावर कुणी थांबत नाही. मग जेसीबी, त्याच दिशेने, आणि पुढे एक जाणकार माणूस चालत, हेच ते तुमच्या सर्पमित्रांचं काम. तेव्हा जो साप निघेल तो वनखात्याला कळवून त्याच राखलेल्या पट्ट्यात सोडायचा. आग लावून जागा साफ करू नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी, बिळात नसलेलं सगळं त्यात जळतं.

एप्रिल टळतच नसेल, बँकेचं किंवा भागीदाराचं काही असेल, तर निदान सगळी जागा एकदम घेऊ नका. फक्त रस्ता आणि पहिले दोन-तीन प्लॉट, वारुळं आणि गडगा सोडून, बाकी दिवाळीनंतर.

बांधकाम चालू असताना जे प्राणी मरतात ते बहुतेक खड्ड्यांत. पायाचे चर, सेप्टिक टँकचा खड्डा, पाण्याची टाकी, यात रात्री पडलेला साप किंवा सरडा सरळ भिंत चढू शकत नाही. प्रत्येक खड्ड्यात एक खरबरीत फळी तिरकी टाकून ठेवा आणि सकाळी कामगार उतरायच्या आधी टॉर्चने बघा, हे कामगारांसाठीही तितकंच गरजेचं आहे. नायलॉनची बारीक जाळी कुंपणाला किंवा झाडांना लावू नका, धामण त्यात अडकते आणि सोडवेपर्यंत कापली जाते. गडग्याला सिमेंट भरू नका. कंपाउंड बांधलंत तर राखलेल्या पट्ट्याच्या बाजूला तळाशी थोड्या थोड्या अंतरावर वीतभर भोकं ठेवा.

आता भीतीचं. तिथे माणसं राहायला येणार आहेत, लहान मुलं असतील, फुरसं विषारी आहे, आणि पट्टा राखा म्हणणारी मी त्यांची काळजी करत नाही असं समजू नका. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारायला बक्षीस देत होते, ढिगांनी मारली गेली, तरी आज तुमच्या जागेत भरपूर आहेतच. मारून ती संपत नाहीत, घराजवळ येऊ नयेत एवढं करता येतं. जोतं गुळगुळीत आणि उंच, घराभोवती पंधरा फूट मोकळं अंगण, त्यात दगड, लाकडं, चिऱ्यांची थप्पी काही नाही, दाराखाली फट नाही, पायवाटेला दिवा. दगडांना राखलेल्या पट्ट्यात हक्काची जागा असली की अंगण असं साफ ठेवणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त धोका कामगारांना असतो, आणि त्यांचा विचार बहुतेक साईटवर शेवटी होतो. ते जमिनीवर झोपतात, चपला घालून दगड उचलतात. त्यांना खाटा, मच्छरदाण्या, बूट, प्रत्येक झोपडीत टॉर्च, एवढा खर्च तुम्ही कराच. दंश झाला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, हात किंवा पाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट हॉस्पिटल. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप पकडून न्यायची गरज नसते आणि त्यात दुसऱ्या माणसाला दंश होतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे ना हे काम सुरू व्हायच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. वनखात्याचा १९२६ हा नंबर झोपडीच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, जागेत पावसाळ्यात पाणी साठणारा खोलगट भाग आहे का. असला तर आखणीत त्याला सगळ्यात आधी बाजूला काढा, कारण बेडूक तिथे, आणि बेडकांमागे दिवड, नानेटी असे साप, बाकीचेही तिथेच, आणि राखायचा पट्टा मग त्याच्याभोवतीच घ्यावा लागेल. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन त्याचा फोटो काढा आणि कुठे, किती खोल पाणी आहे ते नकाशावर लिहून ठेवा, मग पट्टा कुठून कुठे घ्यायचा ते सांगता येईल.